साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेली सिगार: नऊ उरल्यात, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना जावयांनी दुबईहून दहा सिगारींची पेटी आणून दिली. सिगार करंगळीएवढी बारीक, साडेसात इंच लांब, डोक्याला पीळ देऊन काढलेली छोटी शेपटी. नेहमीच्या पट्टीखाली आणखी एक काळी-सोनेरी पट्टी, 'लिमिटेड एडिशन'ची. जुलैपासून पेटी कपड्यांच्या कपाटात होती. गणपती झाल्यावर त्यांनी गच्चीत बसून पहिली पेटवली. ओढताना दम लागला, एका बाजूनेच जळत गेली, अर्ध्यानंतर कडूजहर झाली आणि चाळीस मिनिटांत संपली. ते विचारतात: माल नकली आहे का? की बारीक सिगार अशीच असते? आणि उरलेल्या नऊ नीट चाखून पारखायच्या कशा?

आधी मला सांगा, त्या कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या का? असतील तर हे उत्तर अर्धवट वाचून ठेवा आणि पेटी आधी बाहेर काढा. तंबाखूचं पान शेजारचा वास असा शोषून घेतं की फ्रीजमधलं उघडं लोणीसुद्धा मागे पडेल. डांबर गोळीचा वास एकदा पानात मुरला की तो काढायचा उपाय मला तरी माहीत नाही.

गोळ्या नसतील, तर काळजीचं कारण नाही. तुमच्या तिन्ही तक्रारी वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सिगार आलीच नाही, ते कपाट आलं. तुम्ही सिगार चाखलीच नाहीत. तुम्ही साताऱ्याचा पावसाळा चाखलात.

माझी ओळख एवढीच की माझे वडील जयसिंगपूरला तंबाखूच्या वखारीत मुकादम होते आणि मी स्वतः आखातातल्या एका हॉटेलच्या सिगार लाउंजमध्ये चौदा वर्षं काढली. आता सांगलीत गावभागात राहतो. वडिलांनी आयुष्यात सिगार ओढली नाही, पण पानाची पारख मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते पान हातात घ्यायचे, मुठीत हलकं दाबायचे आणि मूठ उघडून बघत बसायचे. पान कुरकुरलं तर कोरडं. चुरगळलेलं तसंच पडून राहिलं तर ओलं. हळूहळू, झोपेतून उठल्यासारखं उलगडलं तर माल बरोबर. पोत्याला भाव लावण्याआधी हे तीन-चार पानांवर व्हायचंच. समोरचा व्यापारी कितीही घाईत असो, मूठ उघडल्यावरचं ते अर्धं मिनिट कोणी बोलायचं नाही.

सिगारीलाही हीच परीक्षा लागू पडते, फक्त मूठ नको. अंगठा आणि तर्जनीत धरून मधोमध अगदी हलकं दाबा. दबून परत वर आली पाहिजे. तुमची पहिली सिगार दाबली असती तर ती शिजवलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लागली असती, असा माझा अंदाज आहे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की. म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ ओलं झालं असेल, तर तुमच्या कपाटातली सिगार किमान तेवढी दमट हवा खात होती. सिगारीला बरी असते 65 ते 70 टक्के. बारीक सिगारीला तर मी 62 ते 65 म्हणेन. त्यापुढे पोटातली पानं पाणी पिऊन फुगतात. जाड सिगारीत फुगायला थोडी जागा असते, बारीक सिगारीत नसते. वाट बंद होते आणि नळीतून श्रीखंड ओढल्यासारखं होतं. मग माणूस काय करतो? जोर लावून ओढतो. जोराने ओढलं की निखारा तापतो, ओल्या पानाची वाफ आणि डांबर पुढच्या, म्हणजे तोंडाकडच्या भागात साठत जातं. अर्ध्यावर आलात की तुम्ही तोच साठा ओढत असता. कडूजहर लागलं ते त्यामुळे. एका बाजूने जळण्यात ओल्याचा वाटा आहेच, पण गच्चीवरच्या वाऱ्याचाही आहे. म्हणजे तक्रारी तीन, कारण जवळपास एकच.

आता उपाय. घाई करू नका. पंख्याखाली, उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात अजिबात नको. वरचं पान झटकन आकसतं, आतली पानं अजून फुगलेलीच असतात, आणि वरचं पान उभं तडकतं. हवाबंद झाकणाचा, कसलाही वास नसलेला नवा डबा घ्या. लोणच्याचा धुतलेला डबा नको, तो कितीही धुतला तरी लोणच्याचाच राहतो. त्यात ओलावा राखणारी 62 किंवा 65 टक्क्यांची पुडी टाका. या पुड्या ऑनलाइन मिळतात आणि दोन्हीकडून काम करतात: हवा कोरडी झाली तर ओलावा सोडतात, जास्त झाली तर ओढून घेतात. नऊ सिगारींना 60 ग्रॅमची एक पुडी पुष्कळ झाली. पण तुमच्या सिगारी आधीच भिजलेल्या आहेत, म्हणून सुरुवातीला दोन ठेवा. पेटीतला लाकडाचा पातळ पत्रा फेकू नका, तोही डब्यात जाऊ दे. त्या लाकडाला सगळे सीडर म्हणतात, पण तो देवदार नव्हे. महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे ते. म्हणून देवदाराची किंवा कापराच्या लाकडाची पेटी घेऊन 'हेच ते' म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाण्याने चिखलासारखं करा, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 हवा. 71 दाखवला तर मापक चार कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. मिठाच्या बरणीचाच हा नियम, फक्त कामाला लावलेला.

किती दिवस? तीन आठवडे किमान, महिना बरा. तोवर नवरात्र उलटून साताऱ्याची हवाही कोरडी होईल.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय असं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही खालचं सामान माडीवर चढवलं. त्यात माझी पेटीही गेली, पंचवीसेक सिगारींची, गादीच्या वळकटीत. पुढचे दोन आठवडे सिगारीची आठवण कोणाला होती! उघडली तेव्हा पांढरी लव आली होती. आमच्या लाउंजमध्ये काही गिऱ्हाईकं या पांढऱ्याला 'तेल फुलून आलंय, जुनी होत चालल्याची खूण' म्हणून कौतुकाने दाखवायची, आणि पगार चालू होता म्हणून मीही मान डोलवायचो. खरं सांगायचं तर ती बुरशीच असते. वरच्या पानावर असेल तर कोरड्या मऊ ब्रशने पुसून सिगार वाचते. जाळायच्या टोकात, पानांच्या घड्यांमध्ये शिरली असेल तर फेकायची. मी अकरा फेकल्या.

तुमच्याही नऊ सिगारींची जळायची टोकं उजेडात धरून बघा. आणि अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का तेही. भोक आणि खाली तपकिरी भुकटी दिसली तर किडा लागलाय. हा आपल्या ओळखीचाच आहे. हळदीच्या पोत्यात, मिरचीत, धन्यात जो लहान तांबूस भुंगा होतो, तोच. तंबाखू हे त्याचं आवडतं खाणं. अंडी पानातच असतात आणि घर 24-25 अंशांच्या वर तापलं की फुटतात. एप्रिल-मेमध्ये सातारा-सांगलीत ते होणारच. म्हणून नव्या पेटीला मी सरसकट एक पथ्य पाळतो: दोन पिशव्यांत हवाबंद करून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. टप्पे गाळले तर पान तडकतं. तुमच्या सिगारी आत्ता ओल्या आहेत, म्हणून आधी महिनाभर डबा, मग फ्रीजर. उलटं करू नका. आतलं पाणी गोठून सिगार फाटेल.

आता मुख्य प्रश्न. बारीक सिगारीत असं काय असतं?

सिगारीची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. तुमची बहुधा 38 च्या मापाची आहे, म्हणजे 38 भागिले 64 इंच, साधारण 15 मिलिमीटर. आजकाल चालणारी जाड सिगार 52 ची, वीस मिलिमीटरच्या थोडी वर. फरक पाचच मिलिमीटरचा वाटतो. पण कापून टोक बघा: बारीकीच्या पोटात जाडीच्या निम्म्याहून थोडीच जास्त पानं मावतात. वरचं पान मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. मोठा बटाटावडा खाल्ला की भाजीची चव लागते आणि लिंबाएवढा लहान वडा खाल्ला की बेसनाच्या कव्हराची. हेच गणित. 38 च्या सिगारीत वरच्या पानाचा वाटा 52 च्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने जास्त असतो. म्हणून बारीक सिगार पारखणं म्हणजे मुख्यतः वरचं पान पारखणं.

दुसरी गोष्ट वळणाऱ्याच्या हाताची. पोटात तीन जातींची पानं असतात. झाडाच्या खालच्या भागातली पातळ पानं जळण नीट ठेवतात, मधली वास देतात, शेंड्याकडची जाड, तेलकट पानं ताकद देतात आणि सावकाश जळतात. शेंड्याचं पान नेमकं मधोमध बसवावं लागतं, नाहीतर सिगार एका बाजूने पळते. जाड सिगारीत हे थोडं चुकलं तर झाकलं जातं. बारीक सिगारीत एक शीर जास्त राहिली, एक घडी आडवी पडली, तरी वाट बंद. विडी वळणाऱ्या बाईला विचारा, जाड विडी कोणीही वळतं.

हा आकार नावारूपाला आला तो क्युबातल्या हवानाच्या एल लागितो कारखान्यातून. 1966 पासून तिथे क्युबाचे नेते फिदेल कॅस्ट्रोंसाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठी कोहिबा ब्रँडची सिगार वळली जाऊ लागली. शेपटीची लांब बारीक लान्सेरो ही तिथलीच, 192 मिलिमीटर आणि 38 चं माप. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ती मिळू लागली 1982 मध्ये. सुरुवातीच्या काळात या कारखान्यात सिगार वळणाऱ्या बायकाच होत्या. निपाणी-जयसिंगपूरच्या वखारींत पान निवडणाऱ्या, चाळणाऱ्या बायका पाहतच मी मोठा झालो, त्यामुळे हे ऐकलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नव्हतं. लाउंजमध्ये लोक जाड सिगार मागायचे, कारण ती फोटोत भारी दिसते. बारीक मागणारा आला की आम्ही पोरं आपसात म्हणायचो, आज कामाचं गिऱ्हाईक.

'लिमिटेड एडिशन'बद्दल मात्र भाबडे राहू नका. तुम्ही ब्रँड लिहिला नाही, पण काळी-सोनेरी दुसरी पट्टी म्हणताय म्हणजे क्युबन असावी. क्युबात ही मालिका 2000 साली सुरू झाली. त्यातलं वरचं पान झाडाच्या वरच्या भागातलं, जास्त गडद, आणि किमान दोन वर्षं मुरवलेलं असतं. 2007 पासून पोटातली पानंही तशीच मुरवलेली असतात. पट्टीवर साल छापलेलं असतं, ते बघा. म्हणजे तिथे या दोन शब्दांना निदान काही अर्थ आहे. क्युबाबाहेर मात्र कोणीही, कशावरही, कितीही नग काढून 'लिमिटेड' छापू शकतो. काही उत्तम असतात. काहींत फक्त पट्टी मर्यादित असते.

नकलीचं म्हणाल तर पेटीच्या तळाशी भाजून उमटवलेला शिक्का आणि त्याशेजारी शाईने कारखान्याचं सांकेतिक नाव व महिना-साल हवं. महिने स्पॅनिशमध्ये असतात, ऑगस्टला 'आगो' (AGO), जानेवारीला 'एने' (ENE) अशी तीन रोमन अक्षरं. बाजूला हिरवट हमीपट्टी, 2010 नंतरच्या मालाला तिच्यावर होलोग्राम आणि बारकोड. दहाही सिगारींचा रंग एकसारखा, किंवा डावीकडून उजवीकडे हळूहळू बदलत गेलेला हवा. सगळ्या पट्ट्या एका रेषेत हव्यात. पेटीला काचेचं झाकण असेल तर मात्र जावईबापूंना काही बोलू नका, चहा पाजा. तो माल नकलीच.

समजा सगळं ठीक आहे आणि महिना उलटला. आता चाखायची तयारी.

वेळ निवडा ती पोट भरलेलं पण जड नसलेली. तांबडा-पांढरा झाल्यावर कुठल्याच सिगारीला न्याय मिळत नाही. उपाशीपोटी तर नाहीच, निकोटीन डोक्यात चढतं, घाम फुटतो, मळमळतं. तसं झालं तर सिगार ठेवून द्या आणि गुळाचा खडा चघळा, उतार पडतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा. पण म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. वखारीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला तोंडाचे रोग कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. मी महिन्याला दोनच्या वर जात नाही आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटवू देत नाही. तुमची चालू असेल तर हे तुम्हालाही लागू. सोबत साधं पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. व्हिस्कीबरोबर सगळंच छान लागतं, म्हणून पारखताना व्हिस्की नको.

दोन्ही पट्ट्या काढून टाका. हे माझं आग्रहाचं मत आहे. पट्टी डोळ्यांसमोर असली की जीभ खोटं बोलते. लाउंजमध्ये मी एकदा एका चोखंदळ गिऱ्हाइकाला दोन सिगारी पट्ट्या काढून दिल्या होत्या. त्याने स्वस्त असलेली जास्त गुणांची ठरवली, आणि पट्ट्या दाखवल्यावर 'हवामान बिघडलंय' म्हणाला. आता फक्त गोंद अडकून पान फाटतंय असं वाटलं तर जळण जवळ येईपर्यंत थांबा, उबेने गोंद सुटतो.

शेपटी आधी नखाने पीळ उलटा फिरवून तोडा. बारीक सिगारीला कधी कधी तेवढंच छिद्र पुरतं. न पेटवता ओढून बघा. हवा सहज पण किंचित अडून यायला हवी, लिंबू सरबताच्या नळीसारखी. घट्ट वाटली तर नव्या ब्लेडने टोपीचा, म्हणजे डोक्यावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याचा, एक-दोन मिलिमीटर भाग कापा. टोपी खांद्यापाशी वळते त्या रेषेच्या खाली गेलात तर वरचं पान उलगडायला लागेल. भोक पाडायचं ते गोल यंत्र जाड सिगारीसाठी असतं, इथे नको.

हा न पेटवलेला झुरका फुकट घालवू नका. सिगारीची निम्मी खबर इथेच मिळते. वाळलेल्या कडब्याचा गोडसर वास आला तर बरं. गोठ्याचा आला तरी घाबरू नका, मुरलेल्या पानाला तो असतोच. पण नाकाला झोंबणारा अमोनिया आला, मुतारीपाशी येतो तसा, तर पान ढिगात पुरतं आंबलेलं नाही. अशी सिगार परत डब्यात टाका आणि सहा महिने विसरा.

पेटवताना लाकडी काडी वापरा, तिचं गंधक जळून जाऊ द्या. ज्योत टोकाला टेकवायची नाही, थोडी खाली धरून सिगार बोटांत फिरवायची. जाड सिगारीला अर्धं मिनिट लागतं, हिला दहा-पंधरा सेकंद पुष्कळ. सुसाट ज्योतीचे लायटर बारीक टोक करपवून टाकतात आणि ती करपट चव पहिल्या दीड इंचापर्यंत सोबत येते.

मग वेग. पहिल्या वेळी तुमची सिगार चाळीस मिनिटांत संपली. एवढ्या लांबीची सिगार मला तास-सव्वा तास पुरते. जाड सिगारीला मिनिटाला एक झुरका म्हणतात. बारीकीचा निखारा लहान असतो, तो लवकर तापतो आणि लवकर विझतोही, म्हणून मोठा झुरका घेऊन दोन मिनिटं थांबणं चालत नाही. लहान, हलका झुरका, गरम चहाचा पहिला घोट घेतो तसा, आणि मिनिटभर गप्प. सिगार बोटांना गरम लागायला लागली तर समजा तुम्ही घाईत आहात. चव तिखट व्हायला लागली तर सिगारीतून उलटं, हळूच फुंका. आत अडकलेला शिळा धूर निघून जातो आणि पुढचे दोन-तीन झुरके पुन्हा साफ येतात. पहिल्या दिवशी हे माहीत असतं तर तुमची दुसरी निम्मी सिगार वाचली असती.

चवीबद्दल लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. इंग्रजी तक्त्यांमध्ये लिहिलेलं असतं चामडं, कोको, ओकचं लाकूड. साताऱ्यात बसून ओकचं लाकूड कोणी हुंगलंय? आपल्या नाकात आपला साठा आहे. माझ्या वहीत शब्द आहेत ते असे: भाजून सोललेले शेंगदाणे. कढईतला खवा तांबूस होतानाचा वास, म्हणजे तुमचा कंदी पेढा. दगडफूल, हे तर गडद पानाच्या सिगारीत हमखास सापडतं. तासगावचा काळा बेदाणा. गुऱ्हाळावर काकवी दाट होतानाची ती किंचित जळकी गोडी. सुंठ जिभेच्या टोकाला, मिरी घशाकडे. आणि एक, जे मी हरिपूरच्या हळदीच्या पेवांपाशी लहानपणी हुंगलं होतं: बंद मातीचा, उबदार, जरासा औषधी वास. एका बारीक सिगारीच्या मधल्या टप्प्यात तो अचानक आला तेव्हा मी लाउंजमध्ये उभ्या उभ्या घरी जाऊन आलो होतो.

हे वास फक्त जिभेवर कळत नाहीत. धूर तोंडात असताना थोडासा, अगदी चिमूटभर, नाकातून सोडायचा. छातीत न ओढता. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईल. पाच झुरक्यांत एकदा पुरे. दगडफूल सापडतं ते तिथेच.

सिगारीचे तीन भाग कल्पा आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा. पहिला भाग वरच्या पानाचा असतो, हलका, कधी किंचित खारट. मधला भाग हा परीक्षेचा. चव बदलते का, की तीच ओळ पुन्हा पुन्हा? चांगली बारीक सिगार इथे वळण घेते, शेंगदाण्यावरून पेढ्यावर, पेढ्यावरून दगडफुलावर. सुमार सिगार फक्त जास्त तिखट होत जाते. शेवटचा भाग उष्ण असणारच, त्याचे गुण कापू नका, पण तो कडू आहे की नुसता कडक, एवढं ओळखा. कारलं आणि मेथी दोन्ही कडू, पण आपण मेथी मागून घेतो. बोटांना चटका बसायच्या आधी थोटूक ठेवून द्या. चुरडू नका, आपोआप विझतं, चुरडलं की खोलीभर वास.

राखेचं फार कौतुक करू नका. दोन इंच राख न पडता राहिली म्हणून फोटो काढतात लोक. बारीक सिगारीची राख इंचभरावर पडते, पडू द्या.

गुण द्यायचेच तर मी शंभरांतले तीस नुसत्या ओढीला देतो. जाड सिगारीला पंधराच देईन. बारीकीत ओढ जमली म्हणजे वळणाऱ्याचा हात, साठवण आणि ओलावा तिन्ही जमलं. वीस जळण्याला. चाळीस चवीला, त्यातले निम्मे चव बदलण्याचे. दहा मागे राहणाऱ्या चवीचे: संपल्यावर वीस मिनिटांनी पाणी प्या आणि बघा, तोंडात काय उरलंय. दगडफूल उरलं तर दहा, विझलेली चूल उरली तर शून्य. किमतीचे गुण नाहीत आणि पट्टीचे तर नाहीतच. माझ्या वहीत लिमिटेड एडिशनच्या काही सिगारी पासष्टच्या आसपास आहेत आणि नेहमीच्या उत्पादनातली एक बारीक सिगार एक्क्याण्णववर.

एका सिगारीवर निकाल देऊ नका. हाताने वळलेला माल आहे, एकाच पेटीतल्या दोन बहिणी वेगळ्या निघतात. तीन ओढल्याशिवाय मी मत देत नाही. तुमच्याकडे नऊ आहेत, म्हणजे हिशेब छान बसतो. एक दिवाळीच्या आसपास, एक जानेवारीत थंडी कोरडी असताना, एक मार्चमध्ये उन्हाळा तापायच्या आत. उरलेल्या सहा पुढचा पावसाळा धरून डब्यातच राहू देत, पुडी कडक झाली की बदला. मुरवलेलं पान आणखी मुरलं की त्यातला तिखटपणा बसतो आणि गोडी वर येते, हे तुम्हाला स्वतःच्याच वहीत दिसेल.

आणि यावेळी गच्ची नको. यवतेश्वरच्या अंगाने वारा सुटला की साताऱ्यात कुठलीही सिगार एका बाजूने जळेल. तीन बाजूंनी आडोसा असलेली पडवी किंवा व्हरांडा बघा, सार्वजनिक जागी तर 2008 पासून बंदीच आहे. वहीत तारखेशेजारी डब्यातली आर्द्रता लिहायला विसरू नका, आणि ती दाबून बघितली तेव्हा कशी लागली तेही.